पाच जणांचं पेन्शन आणि वेजवुडचा संग्रह

ऑक्टोबर २००८ मध्ये इंग्लंडातल्या स्टॅफर्डशर परगण्यात, बार्लस्टन गावच्या वेजवुड या मातीच्या भांड्यांच्या कारखान्याच्या आवारात संग्रहालयाची नवी इमारत उघडली. आत अडीचशे वर्षांचं मातीकाम मांडलं होतं: पहिल्या मलईरंगी बश्या, जॅस्पर नावाच्या रंगीत मातीतल्या निळ्या सुरया, लाकडी आणि प्लास्टरचे साचे, भट्टीतल्या चाचण्यांचे तुकडे, पत्रं, हिशेबाच्या वह्या, जॉर्ज स्टब्सनं १७८० मध्ये रंगवलेलं वेजवुड कुटुंबाचं चित्र. मोजायला गेलं तर ऐंशी हजारांच्या वर वस्तू आणि कागद.

तीन महिनेही झाले नाहीत तोच, ५ जानेवारी २००९ ला, कारखान्याची मालक असलेली वॉटरफर्ड वेजवुड कंपनी बुडाली. संग्रहालय मात्र कंपनीपासून वेगळं होतं. त्याचा स्वतःचा ट्रस्ट होता, स्वतःची नोंदणी होती. त्याच वर्षी जूनमध्ये त्याला ब्रिटनमधलं संग्रहालयांसाठीचं मानाचं आर्ट फंड पारितोषिक मिळालं, एक लाख पौंडांचं. आणि एप्रिल २०१० मध्ये हाच ट्रस्ट दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या ताब्यात गेला. त्याच्या डोक्यावर १३ कोटी ४० लाख पौंडांचं देणं येऊन बसलं होतं.

संग्रहालयानं हे कर्ज कधी काढलं नव्हतं. त्यातला एक पौंडही त्यानं खर्च केला नव्हता. त्याचे पाच कर्मचारी कारखान्याच्या पेन्शन योजनेत होते, एवढ्यावरून ते आलं होतं.

गेली काही वर्षं मी हे प्रकरण पुन्हा पुन्हा वाचतो आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला. कुठला तरी निर्दय कायदा, कुठले तरी वकील, आणि त्यांच्या तावडीत सापडलेला एक सुंदर संग्रह, असंच वाटलं. सगळं मुळापासून पाहिल्यावर तो राग टिकला नाही. यात पैसे मागणाऱ्यांचंही खरं होतं आणि संग्रह वाचवणाऱ्यांचंही. चूक कुठे होती ते कळण्यासाठी आधी हा संग्रह कसा जमला ते पाहावं लागतं.

टीटीबीओ

जोसाया वेजवुडचा जन्म १७३० चा, बर्सलम गावातल्या कुंभारांच्या घरातला. नऊ वर्षांचा असताना वडील गेले आणि शाळा सुटली. लहानपणी देवी आल्या, त्यातून जगला, पण उजवा गुडघा कायमचा अधू झाला. पायानं फिरवायचं चाक त्याला फार काळ झेपणारं नव्हतं. मग डोकं मातीच्या मिश्रणांत आणि झिलईत गेलं. पुढे १७६८ मध्ये तो पाय कापावाच लागला, त्या काळी भूल देण्याची सोय नसताना.

१७५९ मध्ये त्यानं बर्सलममध्येच, नातेवाइकांची जागा भाड्यानं घेऊन, स्वतःचा धंदा सुरू केला. त्याच वर्षी प्रयोगांची वही सुरू झाली. तेव्हा त्या भागातली भांडी बहुधा तपकिरी, काळपट किंवा खारी झिलई दिलेली असत. चीनहून येणारं पांढरं, पातळ पोर्सिलेन श्रीमंतांनाच परवडे. डेव्हन आणि डॉर्सेटकडची पांढरी भाजणारी माती, तिच्यात गारगोटी भाजून दळलेली पूड आणि वर शिशाची पारदर्शक झिलई, या जुन्याच कृतीवर जोसाया घासत राहिला. शेवटी त्याच्या हाती एक हलकं, गुळगुळीत, मलईच्या रंगाचं भांडं आलं, जे गरम चहा ओतल्यावर तडकत नसे. १७६५ मध्ये राणी शार्लटनं त्याचा चहाचा संच मागवला. जोसायानं परवानगी घेऊन त्या मालाचं नावच ‘क्वीन्स वेअर’ करून टाकलं. राणी जे वापरते ते सरदाराच्या बायकोला हवं, आणि सरदाराच्या बायकोकडे जे आहे ते वकिलाच्या बायकोला, ही साखळी त्यानं अचूक ओळखली होती.

त्याच्या प्रयोगांची खरी साक्ष मात्र विकल्या गेलेल्या भांड्यांत मिळत नाही. ती मिळते संग्रहालयातल्या चाचण्यांच्या तबकांत. उथळ तबकं, आणि त्यांत ओळीनं मांडलेले जॅस्परचे छोटे तुकडे: फिकट निळे, गडद निळे, हिरवट, जांभळट, काही बिघडून राखाडी पडलेले. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक आहे. तो क्रमांक वहीत शोधला की मातीचं प्रमाण सापडतं, तेही जोसायाच्या स्वतःच्या सांकेतिक लिपीत, कारण शेजारचा प्रत्येक कुंभार टपून बसलेला. काही चाचण्यांवर अक्षरं आहेत: टीटीबीओ. म्हणजे ‘टिप टॉप ऑफ बिस्किट अव्हन’, बिस्किट भट्टीत अगदी वरच्या टोकाला ठेवलेला तुकडा. बिस्किट भट्टी ही झिलईच्या आधीच्या पहिल्या भाजणीची. बाटलीच्या आकाराच्या त्या भट्टीत वर, मध्ये आणि खाली आच वेगवेगळी लागते, म्हणून तुकडा कुठे ठेवला होता हेही लिहून ठेवायचं. फसलेला तुकडासुद्धा टाकायचा नाही, कारण पुढच्या वेळी काय करायचं नाही ते तोच सांगतो.

जॅस्पर हे त्याचं सर्वांत अवघड काम. १७७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हजारो चाचण्या करून त्यानं ते साधलं. डर्बीशरच्या खाणीतलं बेरियमचं खनिज त्यात लागे. निळ्या पात्रावर पांढऱ्या आकृत्या पाहून त्या रंगवल्या आहेत असं अनेकांना वाटतं. तसं नाही. पांढरी माती बारीक साच्यात दाबायची, हलकेच सोडवायची आणि ओल्या निळ्या भांड्याला पाण्याच्या बोटानं चिकटवायची. वस्त्राची एखादी चुणी किंवा बोटाचं एखादं पेर मोडलं तर तो नग गेला. भट्टीत दोन्ही माती सारख्याच आक्रसल्या पाहिजेत, नाहीतर आकृती सुटते. आच नजरेनं जोखायची पद्धत त्याला पुरेशी वाटेना, म्हणून ठरावीक मापाच्या मातीच्या वड्या भट्टीत ठेवून त्या किती आक्रसल्या ते मोजण्याचं साधन त्यानं केलं. १७८२ मध्ये ते रॉयल सोसायटीपुढे मांडलं आणि पुढच्या वर्षी तो तिचा सदस्य झाला.

बाकीची कीर्ती सर्वश्रुत आहे, तिच्यावरून झरझर जातो. लिव्हरपूलचा व्यापारी थॉमस बेंटली भागीदार झाला. १७६९ मध्ये एट्रुरिया हा नवा कारखाना उभा राहिला. त्याच्या शेजारून ट्रेंट आणि मर्सी नद्यांना जोडणारा कालवा गेला, आणि खड्ड्याच्या रस्त्यांवर घोड्यांच्या पाठीवर फुटणारा माल पाण्यावरून अलगद बंदरात पोचू लागला. रशियाच्या दुसऱ्या कॅथरिनसाठी ९५२ नगांचा संच झाला, प्रत्येक नगावर ब्रिटनमधली दृश्यं आणि एक हिरवा बेडूक, कारण ज्या महालासाठी तो होता त्या जागेचं नावच बेडकांच्या दलदलीवरून पडलेलं. १७८७ मध्ये गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीसाठी साखळदंडातल्या, गुडघ्यावर बसलेल्या माणसाचं पदक निघालं: ‘मी माणूस नाही का, तुमचा भाऊ नाही का?’

एक गोष्ट मात्र थांबून सांगायला हवी. १७७२ मध्ये ब्रिटनमध्ये पत-पैशाचं मोठं संकट आलं, मालाला उठाव राहिला नाही. तेव्हा जोसाया प्रत्येक नगाचा खर्च काढायला बसला: माती किती, कोळसा किती, मजुरी किती, भाडं किती, मोडतोड किती. माल कमी निघाला तरी काही खर्च कमी होत नाहीत हे त्याला आकड्यांत दिसलं. त्याच तपासात मुख्य कारकुनाची अफरातफरही उघडी पडली. त्या काळी कारखानदार असा हिशेब ठेवत नसत. कुठली गोष्ट कोणाची, कशाची आणि कितीची, हे कागदावर उतरवून ठेवणाऱ्या माणसानं सुरू केलेलं हे घर होतं. पुढे जे घडलं त्यात मला सर्वांत जास्त टोचतं ते हेच.

‘दहा वर्षांपूर्वी सुरुवात केली नाही म्हणून’

संग्रहाची कल्पनाही जोसायाचीच. १७७४ मध्ये बेंटलीला लिहिलेल्या पत्रात तो हळहळतो: प्रत्येक नव्या मालाचा एकेक नमुना मी बाजूला ठेवायला हवा होता, आज त्या संग्रहासाठी मूळ किमतीच्या वीसपट पैसे मोजायला तयार आहे. दहा वर्षांपूर्वी सुरुवात केली नाही, म्हणून पुढची दहा वर्षंही केली नाही, असं तो कबूल करतो आणि आता सुरू करतो म्हणतो.

सुरू झालं, पण सांभाळणारे पुढे कायम तसे राहिले नाहीत. जोसाया १७९५ मध्ये गेला. पुढच्या पिढ्यांत कोणाचं मन कारखान्यात रमलं, कोणाचं नाही. एक मुलगी, सुझाना, डार्विन घराण्यात गेली आणि चार्ल्स डार्विनची आई झाली. कारखान्याचे जुने कागद अडगळीत पडले. १८४८ च्या सुमारास जोसेफ मेयर नावाच्या लिव्हरपूलच्या संग्राहकाला बर्मिंगहॅममधल्या एका भंगारवाल्याच्या दुकानात वेजवुडच्या कागदांचे ढीग सापडले. शेजारपाजारचे दुकानदार तिथून रद्दी नेत आणि तिच्यात लोणी आणि डुकराचं मांस बांधून देत. मेयरनं हाती लागले तेवढे कागद विकत घेतले. आज जोसायाचं चरित्र इतकं बारकाईनं सांगता येतं त्यात या माणसाचा मोठा वाटा आहे. किती पत्रं त्याआधीच लोण्याबरोबर गेली, त्याची गणती नाही.

जपलेली वस्तू कधी कामी येईल याचा नेम नसतो. प्राचीन रोमचं पोर्टलंड पात्र, काळसर निळ्या काचेवर पांढऱ्या आकृत्यांचं, जोसायानं १७८६ मध्ये उसनं आणलं आणि जॅस्परमध्ये त्याची हुबेहूब प्रत करण्यात चार वर्षं घालवली. १८४५ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये एका दारूड्यानं मूळ पात्राच्या ठिकऱ्या उडवल्या. तेव्हा ते पुन्हा जोडताना वेजवुडची प्रतच समोर ठेवून तुकड्यांच्या जागा ठरवल्या गेल्या.

१९०६ मध्ये एट्रुरियात संग्रहालय रीतसर सुरू झालं. १९४० मध्ये उत्पादन बार्लस्टनला हललं, विजेच्या भट्ट्यांच्या नव्या कारखान्यात, आणि १९५० पर्यंत एट्रुरिया बंद झालं. संग्रहही मागोमाग आला. १९६२ मध्ये संग्रहालयासाठी वेगळा ट्रस्ट झाला. उद्देश उघड होता: कंपनी उद्या कोणाच्याही हाती जाईल, हा ठेवा तिच्याबरोबर जाऊ नये.

उद्देश उघड होता, असं मी म्हणतो आहे. तो कागदावर कसा उतरला ते पुढे येतंच.

कंपनीचं काय झालं

१९६० च्या दशकात वेजवुडचे समभाग बाजारात आले आणि कंपनी शेजारचे कारखाने घेत मोठी झाली. १९८६ मध्ये आयर्लंडच्या वॉटरफर्ड काच कंपनीनं वेजवुडच विकत घेतलं. २००५ मध्ये या समूहानं रॉयल डोल्टनही घेतलं, आणि डोल्टनबरोबर मिंटनचं नाव आलं. मुंबईकरांना मिंटन परका नाही. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातल्या नक्षीदार फरशा याच मिंटनच्या, वेजवुडच्या गावापासून हाकेच्या अंतरावरच्या स्टोकमध्ये भाजलेल्या.

नावं जमत गेली तसं गिऱ्हाईक आटत गेलं. लग्नात बारा जणांचा संच आहेर द्यायची आणि तो कपाटात ठेवून सणावारी काढायची रीत इंग्लंड-अमेरिकेत मागे पडली. रोज डिशवॉशरमध्ये टाकता येईल अशी साधी बशी लोकांना पुरे होती, आणि ती पूर्वेकडच्या देशांतून फार स्वस्तात येत होती. समूहानं स्वतःचंही काम बाहेर हलवलं. २००३ मध्ये समूहातल्या जॉन्सन ब्रदर्सचं उत्पादन चीनला नेण्याच्या निर्णयानं स्टॅफर्डशरमधल्या हजाराहून अधिक नोकऱ्या गेल्या. मुख्य बाजार अमेरिका, तिथला डॉलर घसरलेला. कर्ज वाढत होतं, आणि २००८ च्या शेवटी बँकांनी हात आखडले.

मार्च २००९ मध्ये केपीएस या अमेरिकी गुंतवणूक संस्थेनं धंदा घेतला: नावं, साचे, कारखाने. जुन्या पेन्शन योजनेची तूट, म्हणजे द्यायच्या पेन्शनच्या मानानं निधीत कमी पडणारी रक्कम, तिनं घेतली नाही. बुडालेल्या धंद्याच्या खरेदीत हे नेहमीचंच आहे. ती तूट कोणाच्या तरी दारात जाणार होती.

शेवटी उभा राहिलेला

इथे जरा थांबून पेन्शनवाल्यांची बाजू पाहू. या भागात कुंभारकाम म्हणजे पिढ्यान् पिढ्यांचं आजारपण होतं. गारगोटीच्या पुडीनं फुप्फुसं दगडासारखी होत, शिशाच्या झिलईनं बोटं आणि मेंदू जात. विसाव्या शतकात हळूहळू परिस्थिती सुधारली, आणि त्या सुधारणेतलीच एक गोष्ट म्हणजे म्हातारपणी हातात पडणारं पेन्शन. वेजवुडच्या योजनेत सुमारे सात हजार माणसं होती. साच्यातून चुण्या सोडवणारे, कडा रंगवणारे, भट्टी लावणारे हात ते हेच.

आणि कायदा कडक का झाला, त्यालाही इतिहास आहे. १९९१ मध्ये वृत्तपत्रांचे मालक रॉबर्ट मॅक्सवेल यांच्या मृत्यूनंतर कळलं की कामगारांच्या पेन्शन निधीतले कोट्यवधी पौंड त्यांनी आपल्या कंपन्या तगवायला वापरले होते. हजारो लोकांचं म्हातारपण टांगणीला लागलं. त्यानंतर १९९५ चा पेन्शन कायदा आला. पुढे २००५ पासून पेन्शन प्रोटेक्शन फंड ही संस्था उभी राहिली. मालक बुडाला तर ती योजना ताब्यात घेते आणि निवृत्तांना ठरलेल्या मर्यादेत पैसे देत राहते. तिचा बराचसा पैसा तेव्हा इतर चालू पेन्शन योजनांवरच्या आकारणीतून येई, म्हणून बुडालेल्या मालकाकडून वसूल होईल तेवढं वसूल करणं हे तिचं कर्तव्यच.

आता नियम असा: एकाच योजनेत अनेक मालक असतील आणि त्यातले बाकीचे बुडाले, तर जो उरला त्यानं सगळी तूट भरायची. इंग्रजीत याला ‘शेवटी उभा राहिलेला माणूस’ म्हणतात. असा नियम नसता तर एखादा समूह आपली देणी एका पोकळ कंपनीत ढकलून बाकीच्या कंपन्या नामानिराळ्या ठेवू शकला असता. पळवाट बंद करायची म्हणून केलेला नियम आहे हा, आणि त्या कामासाठी तो योग्यच आहे.

वेजवुडच्या योजनेत मालकांच्या यादीत एक नाव होतं संग्रहालय ट्रस्टचं. पाच कर्मचारी. कारखान्याच्या आवारात, कारखान्याच्याच माणसांबरोबर काम करणारे. त्यांना कारखान्याच्याच योजनेत घ्यावं, हे तेव्हा कोणालाही सहज आणि आपुलकीचंच वाटलं असणार. समूहातल्या सगळ्या कंपन्या कोसळल्या तेव्हा एकच मालक उभा होता, हा.

ट्रस्टकडे रोकड नव्हती. विकण्याजोगं जे होतं ते काचेच्या कपाटांत.

ट्रस्ट म्हणजे काय

प्रश्न न्यायालयात गेला. प्रशासकांना स्वतःलाच उत्तर हवं होतं: हा संग्रह घेणेकऱ्यांसाठी विकता येतो की नाही? धर्मादायाच्या वतीनं ॲटर्नी जनरल समोर होते.

सगळा खटला एका शब्दाभोवती फिरला असं मला वाटतं. ट्रस्ट म्हटलं की आपण मनात धरतो की वस्तू विश्वस्तांच्या हाती फक्त सांभाळायला आहेत. मालकी कोणाची नाही, किंवा सगळ्यांची आहे. विश्वस्त कर्जात बुडाला तरी सावकार त्या वस्तूंना हात लावू शकत नाही. खऱ्या न्यासात तसंच असतं. पण वेजवुड संग्रहालय ट्रस्ट ही रचनेनं होती एक कंपनी. धर्मादाय, नफा न वाटणारी, भागधारक नसलेली, पण कंपनी. आणि कंपनीच्या नावावर असलेली वस्तू ही तिची स्वतःची मालमत्ता. ती वस्तू धर्मादाय कामासाठीच वापरायचं बंधन तिच्यावर आहे, हे खरं. पण देणी फेडायची वेळ आली की मालमत्ता ती मालमत्ताच. हा संग्रह वेगळा, अमुक कामासाठी कायमचा राखून ठेवला आहे, असा स्पष्ट न्यास कोणी लिहून ठेवला असता, तर गोष्ट वेगळी होती.

न्यायाधीश पर्ल यांनी डिसेंबर २०११ मध्ये निकाल दिला. असा न्यास झालेला नाही. संग्रह विकता येईल.

नावात ‘ट्रस्ट’ होतं. मनात ट्रस्ट होता. पन्नास वर्षं सगळे तसंच वागले. दस्तऐवजात तो नव्हता. त्याच वर्षी, २०११ मध्ये, युनेस्कोनं वेजवुडच्या कागदपत्रांची ब्रिटनच्या ‘जगाची स्मृती’ यादीत नोंद केली होती. म्हणजे एका हातानं ते कागद जगाचा ठेवा ठरत होते आणि दुसऱ्या हातानं लिलावाची मालमत्ता.

निकालावर पुष्कळ टीका झाली. मला तो योग्य वाटतो. न्यायाधीशानं हळहळ वाटून नसलेला न्यास निर्माण केला असता, तर उद्या कुठलीही कंपनी आपल्या किमती वस्तू ‘मनानं’ धर्मादाय होत्या असं सांगत सावकाराला आणि कामगाराला टाळू शकली असती. २०१२ मध्ये ॲटर्नी जनरलनी अपील न करण्याचं ठरवलं आणि कायद्याची वाट संपली.

खरी चूक १९६२ आणि त्यानंतरच्या कागदांत आहे, असं माझं मत. दोन ठिकाणी काम राहून गेलं. एक म्हणजे संग्रह ज्याच्या नावावर आणि नोकरदार ज्याच्या पगारावर, ते दोन्ही एकच खातं राहिलं. संग्रह एका न्यासाकडे आणि संग्रहालय चालवणं दुसऱ्या संस्थेकडे असतं, तर दुसरी बुडाली असती, पहिल्याला धक्का लागला नसता. दुसरं, पेन्शनचा कायदा १९९५ नंतर बदलत गेला तेव्हा ‘आपली पाच माणसं त्या योजनेत आहेत, याचा आपल्यावर काय भार येऊ शकतो’ हे वेळेवर मोजायला हवं होतं. नवी इमारत उभारताना भिंती, प्रकाश, कपाटं, सगळ्याचा विचार झाला. संग्रह कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न मागेच राहिला. संस्था चालवणाऱ्या माणसांना मी यात दोष द्यायला तयार नाही. सगळं सुरळीत चालू असताना मालकीचे कागद उघडून बसणारी माणसं कुठल्याच संस्थेत फार नसतात. पण जोसाया असता तर त्यानं ती वही उघडली असती, हेही खरं.

भीती काल्पनिक नव्हती. २००२ मध्ये मिंटनच्या संग्रहालयातला माल लिलावात निघून वेगवेगळ्या हातांत गेला होता. वस्तू फुटत नाहीत, पण विखुरल्या की त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं फुटतं. टीटीबीओचा तुकडा एकाच्या दिवाणखान्यात, वही दुसऱ्याच्या तिजोरीत आणि त्या मिश्रणातून अखेर झालेली सुरई तिसऱ्या देशात: मग तो तुकडा म्हणजे नुसता एक निळा ठिपका.

एक महिना

पुढची दोन-अडीच वर्षं वाटाघाटीत गेली. एकूण किंमत ठरली १ कोटी ५७ लाख ५० हजार पौंड. संग्रह एकगठ्ठा घेतला जाईल, फुटणार नाही, पण मुदतीत पैसे उभे राहिले तरच. तुटीच्या मानानं ही रक्कम आठव्या हिश्श्याहूनही कमी. तरी पेन्शन फंडाच्या बाजूनं पाहिलं तर हातात काहीतरी पडत होतं, आणि हजारो वस्तू एकदम लिलावात ओतल्या असत्या तर भाव किती टिकला असता, हाही प्रश्न होताच.

आर्ट फंड, हेरिटेज लॉटरी फंड आणि काही धर्मादाय संस्था मिळून सुमारे १ कोटी ३० लाख पौंड जमले. उरले २७ लाख ४० हजार. सप्टेंबर २०१४ मध्ये आर्ट फंडानं लोकांना हाक दिली. मुदत नोव्हेंबरअखेर होती. रक्कम एका महिन्यातच, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, पूर्ण झाली. हजारो माणसांनी थोडे थोडे पैसे पाठवले. स्टोकचे तेव्हाचे खासदार, इतिहासकार ट्रिस्ट्रम हंट, या मोहिमेत आघाडीवर होते. पुढे २०१७ मध्ये ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचे संचालक झाले.

हे नाव इथे योगायोगानं आलेलं नाही. पैसे जमल्यावर संग्रह आर्ट फंडानं याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला भेट दिला, आणि त्यांनी तो दीर्घ मुदतीवर बार्लस्टनला उसना ठेवला. हे राष्ट्रीय संग्रहालय १९८३ च्या कायद्यानं बांधलेलं आहे. विश्वस्तांना वाटलं म्हणून त्यातल्या वस्तू विकता येत नाहीत. १९६२ मध्ये जे मनात होतं ते अशा रीतीनं बावन्न वर्षांनी कागदावर आलं. फरक एवढाच की मध्ये दीड कोटी पौंडांवर खर्च झाला, तोही आधीपासून तिथेच असलेल्या वस्तू तिथेच ठेवण्यासाठी.

२०१५ च्या मार्चमध्ये आर्ट फंडानंच १५ लाख ६० हजार पौंड उभे करून मिंटनचे रेखाटनांचे आणि नोंदींचे कागद वाचवले आणि स्टोक शहराला दिले. त्याच वर्षी फिनलंडच्या फिस्कार्स कंपनीनं वेजवुडचा धंदा विकत घेतला. म्हणजे कारखान्याचा मालक पुन्हा एकदा बदलला. या वेळी शेजारच्या इमारतीतल्या एकाही तबकाला त्याची झळ लागली नाही.